दुसऱ्या ग्रहावर कुणी असेल, तर ख्रिस्त त्यांचाही का?

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगा अकरावी सायन्सला, अमरावतीला होस्टेलवर. दिवाळीच्या सुटीत जेवता जेवता त्यानं विचारलं, "आई, दुसऱ्या ग्रहावर आपल्यासारखे कुणी असतील तर येशू त्यांच्यासाठीही मेला का? मग बायबलात त्यांचं नाव कसं नाही?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. रविवारी उपासना सुटल्यावर त्यानं हेच तुमच्या पाळकांना विचारलं आणि "असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो" असं चारचौघांत ऐकून घेतलं. त्यानंतर तो चर्चला आला नाही. आता नाताळाला घरी येईल. त्याला काय सांगू आणि मोबाइलवरचे ते व्हिडिओ बंद करायला लावू का, असं तुम्ही विचारताय.

मी तीस वर्षांहून जास्त काळ पश्चिम विदर्भातल्या खेड्यांत पाळक म्हणून काम करतोय, त्यातली बरीच वर्षं मेहकर-लोणारकडच्या पट्ट्यात. हा प्रश्न मला नवीन नाही. मात्र यात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत, ते आधी सोडवून घेऊ. एक पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलाचा: परग्रहावर जीव असणं ख्रिस्ती विश्वासात बसतं का? दुसरा तुमच्या लेकराचा: मला जे खरंच वाटतं ते मी मंडळीत विचारू शकतो का? पहिल्याचं उत्तर मी जमेल तेवढं देतो. पण तुमच्या घरात जे बिघडलंय ते दुसऱ्यामुळे बिघडलंय.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. ऑगस्ट १९९६ मध्ये पेपरात बातमी आली होती. अंटार्क्टिकात सापडलेला, मंगळावरून आलेला एक दगड होता आणि त्यात प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात असं नासाच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. मी तेव्हा सेवेत नवा होतो. संडेस्कूलमधल्या आठवीच्या एका मुलानं ते कात्रण माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "बायबलात लिहिलंय का? नाही ना? मग नाही." त्यानं कात्रणाची घडी केली, खिशात घातली आणि गेला. पुढे बहुतेक शास्त्रज्ञांनी तो दावा मानला नाही, म्हणजे वरवर पाहता माझंच बरोबर ठरलं. पण त्या मुलानं मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. दहावीनंतर तो मंडळीत दिसला नाही. देवावरचा त्याचा विश्वास मी एका दगडाच्या तपासणीला बांधून टाकला होता. तसं करायचा मला काही अधिकार नव्हता. आजही तो मुलगा आठवला की मला झोप लागत नाही.

आता शास्त्राकडे येतो. इतर ग्रहांवर जीव आहेत की नाहीत, याबद्दल बायबल काहीच सांगत नाही. आहेत असंही नाही आणि नाहीत असंही नाही. शास्त्राचं मौन म्हणजे नकार नव्हे. बायबलात कापसाचा वेचा नाही, लोणारचं सरोवर नाही, वऱ्हाड तर नाहीच. देव मनुष्याशी कसा वागला आणि मनुष्यानं देवाशी कसं वागावं, हे सांगायला ते लिहिलं गेलं. विश्वात कुठे काय आहे याची यादी त्यात शोधायची नसते.

म्हणूनच काही जण ओढूनताणून काढतात ते पुरावेही मला चालत नाहीत. यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनातली चाकं म्हणजे उडती तबकडी, असे व्हिडिओ तुमच्या मुलानं पाहिलेच असतील. ते दर्शन देवाच्या गौरवाचं आहे. त्यातून यंत्र काढणं म्हणजे वचनाची मोडतोड. योहानाच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातलं वचन लोक याहून जास्त वापरतात, जिथे प्रभू म्हणतो की या मेंढवाड्यातली नव्हेत अशी माझी दुसरीही मेंढरं आहेत. ही दुसरी मेंढरं म्हणजे परग्रहवासी, असं मी एका मोठ्या सभेत ऐकलंय. तसं नाही. ती मेंढरं म्हणजे यहुदी नसलेले लोक. म्हणजे तुम्ही आणि मी.

इथे जरा थांबा, कारण मला यातून पुष्कळ मिळालंय. गालीलातल्या त्या कोळ्यांना, म्हणजे पेत्रासारख्या प्रभूच्या पहिल्या शिष्यांना, आपण ठाऊक तरी होतो का? पैनगंगेच्या काठी कुणी राहत असेल आणि पुढे कधी त्यांचे वंशज प्रभूचं नाव घेतील, हे पेत्राच्या स्वप्नातही नव्हतं. प्रेषितांची कृत्ये उघडून दहावा अध्याय वाचा. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरात पाऊल टाकायला पेत्र कसा अडखळतो ते बघा. मग पंधरावा वाचा. बाहेरच्यांनी आधी यहुदी व्हायचं का, यावर यरुशलेमेत केवढा वाद झाला! म्हणजे आपल्या कुंपणापलीकडे देवाचं कुणी असू शकतं का, हा प्रश्न मंडळीपुढे पहिल्याच पिढीत आला होता. आणि दर वेळी दिसलं ते एकच: देव कुंपणापलीकडे आधीच पोचलेला होता, आपले लोक मागून पोचले.

ख्रिस्ती माणसानं घाबरू नये याचं आणखी एक साधं कारण आहे. माणूस नसलेले पण बुद्धी असलेले जीव आपण पहिल्यापासून मानत आलोय. देवदूत आणखी कोण? देवाच्या निर्मितीत विचार करणारे फक्त आपणच, असं आपल्या विश्वासानं कधी म्हटलेलंच नाही.

मग जीव सापडले तर काय? ते कसले जीव सापडतात त्यावर आहे.

समजा सूक्ष्मजीव सापडले, मंगळाच्या मातीखाली किंवा गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या बर्फाखालच्या पाण्यात. युरोपाकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये यान निघालंय, ते २०३० मध्ये गुरूपाशी पोचायचं आहे. असे जीव सापडले तर विश्वासाला काहीच अडचण नाही. जंतूंच्या तारणाचा प्रश्न इथे पृथ्वीवरही कुणी काढत नाही. उलट देवाच्या हाताची करामत आणखी एका ठिकाणी दिसेल.

हे समजवायला मी युवक संघाच्या मुलांना लोणारला नेतो. काठावर उभं केलं की पोरं गप्प होतात. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा, आभाळातून पडलेल्या पाषाणानं आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये केलेला. तो ज्वालामुखीचा नाही हे १९७३ च्या सुमारास तिथल्या काचेसारख्या झालेल्या खनिजांवरून पक्कं झालं. चंद्र आणि मंगळावरही असाच खडक आहे, म्हणून तिकडचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ आपल्या बुलडाण्यात येतात. खालचं पाणी खारं आणि इतकं क्षारी की हात धुतला तर बुळबुळीत लागतो. यात काही जगेल असं वाटत नाही. आणि जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं! उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव बेसुमार वाढले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. काठावर उभं राहून मी मुलांना एवढंच विचारतो: आपण ज्याला मेलेलं पाणी म्हणत होतो त्यातही देवानं जीव ठेवला होता, तर आणखी कुठे कुठे ठेवला नसेल हे आपण कशावरून ठरवायचं?

अवघड भाग पुढे आहे. तुमच्या मुलानं नेमकं तिथेच बोट ठेवलंय, आणि यासाठी त्याचं कौतुक करा. विचार करणारे, बरं-वाईट कळणारे कुणी असतील तर त्यांचं तारण कसं? आदामाच्या पापाशी त्यांचा संबंध नाही. प्रभू देहधारी झाला तो माणूस म्हणून, बेथलेहेमात, मरीयेच्या पोटी.

यावर मंडळीत एकमत नाही, हे त्याला उघड सांगा. लपवू नका. पहिली शक्यता अशी की ते पापात पडलेच नसतील. मग त्यांना तारणाऱ्याची गरज तशी नाही. दुसरी शक्यता: ते आपल्यासारखेच पडलेले असतील आणि ख्रिस्ताचं कालवरीवरचं एकच मरण त्यांनाही पुरेल. पंधराव्या शतकात गियोम द वोरूयों नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मपंडितानं साधारण असंच लिहिलं होतं, की दुसरी जगं असली तरी प्रभूला तिथे पुन्हा मरावं लागणार नाही. तिसरी शक्यता: देव त्यांच्याकडे त्यांच्या रीतीनं गेला असेल. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसनं असा विचार मांडला होता की देवाच्या पुत्रानं एक मानवी देह धारण केला म्हणून त्याचं सामर्थ्य तिथेच संपत नाही, तो दुसराही धारण करू शकतो. त्याच्या डोळ्यांपुढे परग्रह नव्हते. पण देवाचं सामर्थ्य आपण मोजू नये, हा त्याचा मुद्दा इथेही लागू होतो.

माझा कल दुसऱ्याकडे आहे. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्ताचं अर्पण "एकदाच" झालं यावर फार जोर आहे. आणि कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की वधस्तंभावरच्या रक्तानं शांती करून देवानं पृथ्वीवरचं आणि स्वर्गातलं सर्वकाही स्वतःशी समेटात आणलं. त्यातला "सर्वकाही" हा शब्द मला पृथ्वीपुरता आखडून घेता येत नाही. पण हे माझं मत आहे, वचन नव्हे. कॅथलिक धर्मगुरू कदाचित वेगळ्या अंगानं सांगतील. २००८ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख फादर फुनेस यांनी परग्रहवासीयांना भाऊ म्हणता येईल, अशा अर्थाचं जाहीरपणे म्हटलं होतं. एखादा पेंटेकॉस्टल पाळक यातलं काहीच मान्य करणार नाही. प्रामाणिक ख्रिस्ती लोक इथे वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहेत आणि तरी एकाच प्रभूला मानतात.

हा वाद आत्ताचा नाही, हेही त्याला कळू द्या. नाहीतर त्याला वाटेल की शास्त्रज्ञांनी आज काहीतरी शोधलं आणि मंडळीची तारांबळ उडाली. १२७७ साली पॅरिसच्या बिशपनं काही विधानांना बंदी घातली. त्यांत एक असं होतं की देव अनेक जगं निर्माण करू शकत नाही. म्हणजे देवाला मर्यादा घालणं हीच तेव्हा चूक ठरली.

आणि आपल्या जवळचंही उदाहरण आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज तुमच्या मुलाला माहीत असेलच. ज्यांच्या नावानं ते आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला मिशनरी म्हणून आले. शाळा काढल्या, मराठी शिकले, आणि सोबत नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा केले. भूशास्त्रात त्यांचं नाव आजही घेतलं जातं, एका खनिजाला हिस्लोपाइट म्हणतात. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा मृत्यू झाला. सुवार्ता आणि दगड या दोन्हींत त्यांना काही भांडण दिसलं नाही. ते ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे होते, तिचे पहिले मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, थॉमस चाल्मर्स. या चाल्मर्सनी ग्लासगोत खगोलशास्त्रावर प्रवचनं दिली होती आणि १८१७ मध्ये ती छापली. विषय नेमका तुमच्या मुलाचाच! विश्व एवढं अफाट असेल, इतर जगांतही वस्ती असेल, तर या कणभर पृथ्वीसाठी देवानं आपला पुत्र कशाला द्यावा?

त्यांचं उत्तर मला आजही पटतं. ते म्हणाले, दुर्बिणीनं विश्वाचा पसारा दाखवला खरा, पण साधारण त्याच काळात सूक्ष्मदर्शकानं थेंबातलं जग दाखवलं. तिथेही देवाची तीच कारागिरी. पसारा मोठा म्हणून त्याचं लक्ष लहानाकडून हटलेलं नाही. आणि त्यांनी मेंढपाळाचा दाखला घेतला. नव्व्याण्णव मेंढरं सोडून तो एकीच्या मागे गेला. कदाचित इतर सगळी जगं ती नव्व्याण्णव असतील आणि हरवलेली एक आपली पृथ्वी.

तुमच्या मुलाला खरा बोचतोय तो मुद्दा बहुतेक हाच असेल: आपण एवढे क्षुल्लक असू तर देवाला आपलं काय? सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह १९९५ मध्ये सापडला. आज ही संख्या ६,००० च्या घरात गेलीय. जीव मात्र अजून एकावरही सापडल्याचं सिद्ध झालेलं नाही. आपल्या सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून दूर आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानाच्या वेगानं तिथे जायला ७०,००० वर्षांहून जास्त लागतील. आकडे ऐकले की पोराच्या पोटात खड्डा पडतो. माझ्याही पडतो.

एका हिवाळ्यात मी मंडळीतल्या एका शेतकऱ्याबरोबर जागलीला गेलो होतो. हरभरा फुलावर होता, रानडुकरं आणि रोही उभं पीक तुडवत होते. शेतीची लाइन रात्री बाराला यायची, तोवर आम्ही मचाणावर. चंद्र नव्हता. त्यानं वर बोट करून विचारलं, "पास्टर, तिकडं कोनी असंन का जी?" मी म्हटलं, असेलही. मग मीच विचारलं, "असलं तर तुला कसं वाटेल?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माह्या वावराच्या पल्याड बी वावरं हायेत. म्हून माह्या वावराले धनी नाही, असं थोडंच होते?"

त्यानं शाळा चौथीतच सोडली होती. मी त्या रात्री घरी येऊन बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय काढला. त्यात कृत्तिका आणि मृगाची नावं आहेत, आम्ही मचाणावरून बघत होतो तीच नक्षत्रं. आणि तिथेच देव ईयोबाला विचारतो की जिथे माणूस राहत नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो. ताई, आपण विदर्भातले लोक पावसाची वाट कशी बघतो ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या वावरावर एक सर चुकली तर वर्ष जातं. आणि इथे देव सांगतोय की जिथे कुणाचंच पीक नाही, कुणी प्रार्थना करत नाही, तिथेही मी पाऊस पाडतो. कारण ती जमीनही माझी आहे. माणसाच्या उपयोगाचं नसलेलंही देवाला प्रिय आहे, हे शास्त्रात दुर्बिणीच्या कितीतरी आधी लिहिलेलं आहे. आणि तोच देव राखेत बसलेल्या ईयोबाशी, एका दुखावलेल्या माणसाशी, बोलायला थांबला.

आता घरी काय करायचं ते सांगतो. यातलं बरंचसं तुमच्या मुलाच्या मनात नेमकं काय आहे यावर अवलंबून आहे. त्याला खरंच ग्रहताऱ्यांची ओढ असेल तर वरचं सगळं त्याच्या कामाचं आहे. पण होस्टेलवर कुणी त्याच्या विश्वासाची टर उडवत असेल, किंवा तो एकटा पडला असेल, तर ग्रहांवरची उत्तरं उपयोगाची नाहीत. तिथे जेवतो काय, मित्र कोण, झोप लागते का, हे आधी विचारा. आणि चारचौघांत झालेला अपमान हेच कारण असेल तर आधी एवढंच म्हणा, "त्या दिवशी मी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं." पाळकांशी भांडू नका, पण त्यांना एकांतात भेटून पोराला काय लागलं ते नक्की सांगा. मला १९९६ मध्ये त्या मुलाच्या आईनं येऊन सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

व्हिडिओ बंद करू नका. बंद केलेलं तो होस्टेलवर बघेलच. त्यातला एक तुम्ही त्याच्याजवळ बसून बघा आणि शेवटी विचारा, "यातलं सिद्ध झालेलं किती आणि नुसतं म्हटलेलं किती?" ही सवय लागली की तो स्वतःच चाळायला शिकेल. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आपल्या आभाळातून जळते गोळे सरकत गेले, आठवतंय? त्या रात्री मला किती फोन आले, शेवटचा काळ आला का म्हणून. नंतर चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी सापडली आणि ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं तज्ज्ञांनी सांगितलं. भीतीनं अर्थ लावला की असं होतं.

नाताळात तुमच्या वावरात हरभऱ्याला पाणी द्यायचं असेल, तर एक रात्र त्याला घेऊन जा, बाबांनाही सोबत घ्या. अंधार पडला की पूर्वेला मृगाचं तिकांडं वर आलेलं असेल. बायबल नेऊ नका, उपदेश करू नका. तो बोलला तर ऐका. नाही बोलला तरी चालेल. आणि घरी आल्यावर त्याला म्हणा, जे जे विचारायचं ते एका वहीत लिहून काढ. ती वही घेऊन त्याला एकदा लोणारला पाठवा. काठावर बसून मी त्याच्याबरोबर ती पानापानानं वाचीन. ज्याचं उत्तर मला येत नसेल तिथे तसं लिहून देईन.